उत्पादन बंद, गाणं चालू

मार्च २०२४मध्ये लॉजिटेक कंपनीनं मायस्क्वीझबॉक्स हा आपला सर्व्हर बंद केला. सांगलीत त्यावाचून कुणाचं काही अडलं नसेल. पण ज्यांच्या घरी स्क्वीझबॉक्स जातीचे नेटवर्क म्युझिक प्लेअर अजून चालू होते, त्यांच्या पोटात गोळा आला. आमच्याकडे असे दोन आहेत. एक दिवाणखान्यात ॲम्प्लिफायरला जोडलेला, दुसरा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, आईच्या हाताशी. तो सर्व्हर गेल्यावरही आईनं सकाळी नेहमीसारखं पहिलं बटण दाबलं आणि आकाशवाणीची रागम् वाहिनी लागली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि का वाटलं ते जरा सविस्तर सांगायचंय. कारण सध्या घराघरांत जी ‘स्मार्ट’ यंत्रं येतायत, त्यांतली बरीचशी अशा सकाळी मुकी होतात.

आधी हे प्लेअर म्हणजे काय ते सांगतो. आपली गाणी घरातल्या एका कॉम्प्युटरवर असतात. प्लेअर ती वायरनं किंवा वायफायनं उचलतो आणि ॲम्प्लिफायरला देतो. सीडी बदलायला नको, गाण्यासाठी फोन अडकवून ठेवायला नको. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीनं २००१मध्ये स्लिमपीथ्री नावाचा असा पहिला प्लेअर काढला. तो फक्त एमपीथ्री वाजवायचा आणि त्याला नेटवर्कची वायर लागायची. २००३मध्ये स्क्वीझबॉक्स आला. २००६मध्ये लॉजिटेकनं स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. पुढे २००८मध्ये स्पीकरसकट असलेला बूम, २००९मध्ये रेडिओ, २०१०मध्ये टच असं एकेक येत गेलं, आणि २०१२मध्ये कंपनीनं ही सगळी मालिकाच थांबवली. म्हणजे सर्व्हर बंद झाला तेव्हा ही मालिका थांबून बारा वर्षं होत आली होती. आमच्या स्वयंपाकघरातला प्लेअर म्हणजे यातला रेडिओ. दिवाणखान्यातला क्लासिक नावाचा स्क्वीझबॉक्स तर त्याहूनही जुना. अमेरिकेतल्या मावसभावानं येताना आणलेला.

या प्लेअरची खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. क्लासिकच्या काळ्या काचेमागे ३२० बाय ३२ ठिपक्यांचा हिरवट-निळा उजळ पडदा आहे. त्यावर गाण्याचं नाव सरकताना दिसतं. ते नाव प्लेअर लिहीत नाही. त्या अक्षरांचा एकेक ठिपका घरातला सर्व्हर, म्हणजे गाणी असलेल्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम, तयार करून पाठवतो. रिमोटवरचं बटण दाबलं, की प्लेअर सर्व्हरला फक्त ‘अमुक बटण दाबलं’ एवढं कळवतो. मेन्यू कुठला उघडायचा, पुढचं गाणं कुठलं, आवाज किती, सगळं सर्व्हर ठरवतो. प्लेअरचं काम म्हणजे आलेला प्रवाह साठवून ठेवणं आणि त्याचा आवाज करणं. त्यामुळे सर्व्हर सुधारला की पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा प्लेअरही सुधारतो. नवी रेडिओ केंद्रं, नवी शोधण्याची सोय, सगळं त्याला मिळत जातं, आणि त्याच्या अंगातल्या चिपला त्याचा पत्ताही नसतो.

आणि हा सर्व्हर आपल्या घरात चालतो. सुरुवातीपासून त्याचा कोड खुला होता, आणि लॉजिटेकनंही तो खुलाच ठेवला. याबद्दल त्या कंपनीचे आभार मानायला हवेत. नाव मात्र बदलत गेलं. आधी स्लिमसर्व्हर, मग स्क्वीझसेंटर, मग स्क्वीझबॉक्स सर्व्हर, मग लॉजिटेक मीडिया सर्व्हर. २०२४मध्ये स्वयंसेवकांनी त्याचं लिरियन म्युझिक सर्व्हर असं बारसं केलं. एलएमएस ही आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे जुन्या लोकांना जीभ वळवावी लागली नाही. मायस्क्वीझबॉक्स हा कंपनीच्या जागेवरचा सर्व्हर वेगळा. काही इंटरनेट सेवा त्याच्यामार्फत यायच्या, आणि ज्यांनी घरात सर्व्हर ठेवलाच नव्हता त्यांची सगळी भिस्त त्याच्यावर होती. तो बंद होणार हे कळल्यावर स्वयंसेवकांनी घरच्या सर्व्हरमध्ये असे बदल केले, की रेडिओ केंद्रांसाठी त्या पत्त्याकडे जायची गरज उरली नाही. मी ती आवृत्ती आधीच चढवून ठेवली होती. आईचं पहिलं बटण चाललं ते त्यामुळे.

हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. २०२१मध्ये रेसिव्हा नावाची सेवा बंद झाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट रेडिओंना केंद्रांची यादी तिथून मिळायची. यादी गेली, आणि स्पीकर, पडदा, बटणं धडधाकट असलेले रेडिओ नुसते उजळून बसू लागले. गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे २०१५चं यंत्र. बिल्ल्याएवढं, स्वस्त आणि आवाजाला फार चांगलं. त्याची विक्री २०१९मध्ये थांबली होती, तरी लोक वापरत होते. मार्च २०२५मध्ये एके दिवशी ती यंत्रं जोडलीच जाईनात. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांनी संपली होती. कंपनीनं थोड्या दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे खरं. पण विकत घेताना खोक्यावर ती तारीख कुणीही वाचलेली नव्हती, कारण ती तिथे छापलेलीच नव्हती.

म्हणून कुणी ओळखीचं माणूस वायफायचा स्पीकर घ्यायला निघालं की मी एकच गोष्ट विचारायला सांगतो. घरातलं वायफाय चालू आहे, पण बाहेरचं इंटरनेट बंद आहे, अशा वेळी हे यंत्र माझ्या डिस्कवरचं गाणं वाजवेल का? दुकानदाराला बहुधा सांगता येत नाही. मग दुकानातच राउटरमागची इंटरनेटची वायर काढून बघायची. यात लाजण्यासारखं काही नाही. फ्रिज घेताना आपण दार उघडून बघतोच.

आता दुरुस्तीकडे येतो.

मध्यंतरी दिवाणखान्यातला प्लेअर मधूनच बंद व्हायला लागला. पडदा उजळायचा, गाण्याचे दोन शब्द सरकायचे, की काळोख. मग पुन्हा पहिल्यापासून. मी तो पिशवीत घालून गणपती पेठेच्या बाजूला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांच्या टेबलावर उघडलेले मिक्सर, टीव्हीचे रिमोट आणि भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर यांची दाटी होती. त्यांनी प्लेअर उलटासुलटा करून बघितला.

“काय ओ, हे घड्याळ हाय का रेडिओ?”

“गाणी वाजवतं काका. वायफायवर.”

“आणि दुखणं काय?”

“आपोआप बंद-चालू होतंय.”

प्लेअर त्यांनी बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. “अडॅप्टर कुठाय? आणलाय न्हवं?”

मीटर लावला तर बरोबर पाच व्होल्ट. मी जरा हिरमुसलो, कारण मग दोष आतला ठरत होता. काकांनी मान हलवली. “हे बिनलोडचं पाच दाखवतंय. काम करताना बघू की.” त्यांनी एक जाडजूड रेझिस्टन्स पिनेला जोडला आणि मीटरकडे बोट केलं. आकडा चारच्या खाली उतरला आणि तिथेच थरथरत राहिला. “बघा, बसला. ह्येच्यातला कंडेन्सर गेलाय. तुमचं मशीन चांगलं हाय.” मग अडॅप्टरचं खोकं त्यांनी कडेनं फोडून दाखवलं. आत नखाएवढा कंडेन्सर, त्याचा वरचा पत्रा पापडासारखा फुगलेला. “आता नवीन घेताना पाच व्होल्टचाच घ्या. ॲम्पियर जास्त असला तरी चालतंय, व्होल्ट जास्त न्हाई चालायचा.”

काकांचं हे शेवटचं वाक्य जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावं. राउटरचा अडॅप्टर बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि त्याची पिन क्लासिकच्या भोकात व्यवस्थित बसते. घाईत तो खुपसला की वीस वर्षांचा प्लेअर एका क्षणात जातो. घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर मी जाड पेननं यंत्राचं नाव आणि व्होल्ट लिहिलेत. बाकी आतली दुरुस्तीही बहुतेक वेळा कंडेन्सरचीच निघते. माहीतगार हाताला ती अवघड नाही. पडद्याचं मात्र जपावं लागतं. हे पडदे वापरानं मंद होत जातात, आणि तसला नवा मिळणं कठीण. म्हणून गाणं बंद असताना पडदा पूर्ण काळा राहील असं सर्व्हरमध्ये ठरवून टाकायचं. भिंतीवर घड्याळ आहेच.

वायफायचा त्रास वेगळ्या तऱ्हेचा. नव्या फायबर जोडणीबरोबर नवा राउटर येतो. तो बसवणारा मुलगा वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, सुरक्षेचा सगळ्यात नवा प्रकार चालू करतो आणि निघून जातो. जुन्या प्लेअरला फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी कळते आणि डब्ल्यूपीए-टूपर्यंतची सुरक्षा. मग घरात सगळ्यांचे फोन सुसाट आणि प्लेअर तेवढा ‘नेटवर्क सापडत नाही’ म्हणून अडून बसलेला. असं झालं म्हणून प्लेअर टाकून देणारे लोक मी पाहिलेत आणि जीव हळहळलाय. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. ते फक्त २.४वर आणि जुन्या सुरक्षेवर ठेवायचं, आणि त्यातून घरच्या सर्व्हरपर्यंत जाता येतं का ते तपासायचं, कारण पुष्कळ राउटर पाहुण्यांना घरातली बाकी यंत्रं दिसू देत नाहीत. दिसत नसतील तर माळ्यावरचा जुना राउटर काढून त्याला तेवढंच काम द्यायचं. सगळ्यात उत्तम म्हणजे वायर. आमच्या क्लासिकला मी वायरच ओढली आहे, आणि तेव्हापासून त्याची तक्रार नाही.

रेडिओच्या केंद्रांचंही असंच आहे. आकाशवाणीचा इंटरनेटवरचा प्रवाह आता तुकड्या-तुकड्यांत येतो, आणि सुरक्षित जोडणीवरून. २००५-०६च्या चिपला यातलं काहीच झेपत नाही. सर्व्हर मध्ये उभा राहतो. तो तुकडे गोळा करतो, कुलूप उघडतो आणि प्लेअरला समजेल अशा साध्या रूपात पुढे देतो. त्यासाठी एका स्वयंसेवकानं लिहिलेलं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकावं लागतं, एवढंच. २०१६च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेली रागम् वाहिनी त्याआधी बनलेल्या यंत्रावर वाजते ती अशी. आईच्या रेडिओवर सहा बटणं आहेत. पहिल्यावर रागम्, दुसऱ्यावर बातम्या, आणि उरलेल्या चारांवर बाबांच्या कॅसेटी. बटणांखाली तिनं स्वतःच्या अक्षरात कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, तेलाचा हात लागू नये म्हणून वरून चिकटपट्टी.

बाबांच्या कॅसेटींबद्दल लिहिल्याशिवाय हे सगळं मी कशासाठी करतो ते कळणार नाही. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. बाबा आयुष्यभर गाणं ऐकत आले. सांगली आकाशवाणीवर लागलेली मैफल ते टेपवर घ्यायचे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला जी गाण्याची हजेरी लागते, तिथे रात्र-रात्र बसायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांचं जिथे वास्तव्य होतं आणि १९३७मध्ये जिथे त्यांचं दफन झालं, त्या जागेशी आमच्या भागातल्या रसिकांचं नातं फार जवळचं आहे. खाँसाहेबांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात त्यांनी जे सुरांचं जग उभं केलं त्याबद्दल बाबा तास-तास बोलायचे. त्यांनी या तबकड्या कुणाकुणाकडून मागून आणून कॅसेटवर उतरवल्या होत्या.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागात काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. आम्ही शहरातल्या विश्रामबाग भागात राहायला आलो होतो, पण कॅसेटींचं कपाट जुन्या घरीच, तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा कॅसेटींवर साय धरावी तसा गाळ बसलेला होता.

अशी कॅसेट आधी वाळू द्यायची नसते. गाळ वाळला की खरखरीत होतो आणि फितीला चिकटतो. ओली आहे तोवरच स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवायची, खोक्याचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही चकत्या फितीसकट अलगद उचलायच्या, धुवायच्या, आणि सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर वाळू द्यायच्या. खोकं चिकटवलेलं असेल तर शिवणीवर पातळ पात्यानं फोडायचं. मग चकत्या दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायच्या, आतला फेल्टचा दाबपट्टा आहे ना ते बघायचं, आणि पेन्सिलीनं एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची. डेकमध्ये घातल्यावर पहिल्याच फेरीला रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, कारण ती फीत दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. सगळ्या कॅसेटी वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्या ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या आणि फ्लॅक रूपात ठेवल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जानं घेतली तर साधारण साडेनऊशे एमबी होतात. फ्लॅक केल्यावर जवळपास निम्मी जागा लागते आणि आवाजातला एक कणही कमी होत नाही.

हा साठा कुठल्याही गाण्याच्या ॲपवर मिळणार नाही. तिथे लाखो गाणी असतील, पण उरुसाच्या रात्री मागून ऐकू येणारी ती ‘वाहवा’ नाही, आकाशवाणीच्या निवेदिकेनं गायकाचं नाव ज्या आदबीनं घेतलं ती आदब नाही. म्हणून मला माझ्या डिस्कवरून वाजवणारं यंत्र लागतं. ॲपवाल्या सेवेबद्दल माझी तक्रार नाही, भाचरं वापरतात, मीही नवं काही ऐकायचं तर तिथेच जातो. पण घरचं गाणं घरात राहिलं पाहिजे, आणि ते वाजवायला परगावच्या कुणाची परवानगी लागता कामा नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. २०२१मध्ये पुन्हा पूर आला, त्यानंतर साठ्याची एक प्रत पुण्याला बहिणीकडे ठेवली आहे. दर पावसाळ्याआधी ती ताजी करतो.

आपल्या गाण्यासाठी हा सर्व्हर आणखी एका कारणानं सोयीचा आहे. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत पुष्कळदा दोन वेगळ्या फायली असतात. साधे पेनड्राइव्हवाले प्लेअर मध्ये अर्धा सेकंद गप्प होतात आणि समेवर येणारा माणूस हवेत लटकतो. स्क्वीझबॉक्स दोन फायली सलग जोडून वाजवतो, तबल्याची मात्रा निसटत नाही. फक्त एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची जी सोय आहे, ती बंद ठेवायची. शास्त्रीय गाण्याला ती अत्याचार आहे. आणि टॅगमध्ये, म्हणजे फायलीसोबतच्या माहितीत, जिथे गाण्याचा प्रकार लिहायचा असतो तिथे मी रागाचं नाव लिहितो. त्यामुळे ‘तोडी’ म्हटलं की घरातल्या सगळ्या तोड्या एका यादीत येतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं. नावं एकाच पद्धतीनं लिहायची एवढी शिस्त पाळली की पुरे.

प्लेअर दुरुस्तीला गेला होता त्याच सुमारास आईचा तानपुराही मिरजेला गेला होता, जवारी काढायला. मी तो आणायला गेलो. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत शिरलं की भोपळ्यांची उतरंड दिसते आणि लाखेचा वास येतो. कारागिरानं मांडीवर तानपुरा आडवा घेतला होता. घोडीवर कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सूत सरकवलं. सूत एका जागी आलं आणि इतका वेळ नुसती ठणकणारी तार एकदम भरून बोलायला लागली. तानपुरा कुणी बनवलाय, ते दुकान आज आहे का, हे त्यानं विचारलं नाही. घोडी, खुंट्या, मणी, तारा, सगळं डोळ्यांसमोर आहे, आणि ते कसं चालतं हे मिरजेत पिढ्यानपिढ्या एकानं दुसऱ्याला शिकवलंय. २०२४च्या वसंतात मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या शिकवण्याचंच. स्क्वीझबॉक्सचं तसंच झालंय असं मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. प्लेअर आणि सर्व्हर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात ते उघड आहे. कुणालाही ती शिकता येते. त्यामुळे मूळ घडवणारे दुसऱ्या कामाला लागले तरी दुसऱ्या कुणाला तरी ती घोडी घासता येते.

आणि नुसती घासता येते असं नाही, नवं वाद्यही करता येतं. पर्यायांचा प्रश्न माझ्या दृष्टीनं इथे सुटतो. स्क्वीझलाइट नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो ज्या यंत्रावर चढवाल ते सर्व्हरला स्क्वीझबॉक्ससारखंच दिसतं. रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर आवाजाचं कार्ड बसवायचं, पायकोअरप्लेअर ही तयार प्रणाली मेमरी कार्डवर उतरवायची, झाला नवा प्लेअर. पायकोअरप्लेअरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की चालू झाल्यावर ती पूर्णपणे रॅममध्ये राहते आणि कार्डाला हात लावत नाही. आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. इतर प्रणालींमध्ये लिहिता लिहिता लाईट गेली तर कार्डच खराब होऊ शकतं. इथे तसं होत नाही. फक्त काही बदल केला की तो जतन करायचं बटण आठवणीनं दाबायचं.

ज्यांना यातलं काही जुळवायचं नाही, त्यांना मी विम (WiiM) या नावाचे छोटे प्लेअर सुचवतो. ते या सर्व्हरशी बोलतात, आणि दुकानातून आणून जोडले की चालतात. घरात आधीपासून क्रोमकास्ट किंवा ॲपलच्या एअरप्लेवर चालणारे स्पीकर असतील तर तेही पूल बांधणाऱ्या प्लगइनमधून याच सर्व्हरखाली आणता येतात. जुना अँड्रॉइड फोनही प्लेअर होऊ शकतो. पण फोनच्या बॅटरीला सतत चार्जिंगला ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही. सर्व्हर-बिर्व्हर काहीच नको, एकाच खोलीत ऐकायचंय, अशांसाठी मूड किंवा व्हॉल्युमिओ ही रास्पबेरीवरची दुसरी घराणी आहेत. मूड मी वापरून पाहिलाय. आवाज उत्तम, पडद्यावरची मांडणी नीटस. पण दोन खोल्यांत एकच गाणं एका तालात चालवायचं तर अजून एलएमएसचा हात धरणारं मला कुणी भेटलेलं नाही. आई स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येते तेव्हा तान तुटत नाही, मागून पुढे ऐकू येते. हे ज्यानं अनुभवलंय त्याला दुसरं काही पटणं अवघड.

ब्लूटूथ स्पीकरबद्दल विचारणारे भेटतात. तो सहलीला न्यावा. घरात रोज ऐकायला, जिथे फोन वाजला की मालकंस थांबतो, तिथे मला तो नको.

एका गोष्टीची काळजी वाटते आणि ती लपवत नाही. हा सर्व्हर पर्ल या भाषेत लिहिलेला आहे. आजच्या मुलांना ती क्वचित शिकवली जाते. ज्यांनी हा डोलारा सांभाळलाय ती मोजकी माणसं आहेत, पगाराशिवाय करतात, आणि त्यांची वयं वाढतायत. रेडिओ आणि टचसाठी त्यांनी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅमही पुढे सुधारत ठेवलाय. कंपनीनं जिथे हात काढून घेतला तिथून त्यांनी धरलंय. त्यांतल्या कुणाला मी भेटलेलो नाही, भेटेन असंही नाही. आमच्या घरातलं गाणं त्यांच्या संध्याकाळच्या वेळावर चालतं, हे मात्र मी विसरत नाही. त्यांतल्या काहींच्या कामाला देणगी देता येते. ज्यांना शक्य असेल त्यांनी द्यावी. ज्यांना कोड कळतो त्यांनी वाचावा, मराठी भाषांतर करता येईल त्यांनी ते करावं.

माझा भाचा इथेच वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याला मी पर्ल शिक म्हटलं तर तो हसला. पण स्क्वीझलाइट आता ईएसपी३२ या अगदी स्वस्त चिपवरही चालतं, हे त्यानंच मला दाखवलं. बाबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पुरात गेला होता, नुसती लाकडी पेटी आणि कापडाची जाळी उरली होती. ती त्यानं मागून नेली. आत ती चिप, छोटा ॲम्प्लिफायर आणि नवा स्पीकर बसवलाय. जुन्या ट्यूनिंगच्या खुंटीनं गाणं पुढे-मागे करता आलं पाहिजे असा त्याचा हट्ट आहे. खुंटी फिरते, पण एक घर फिरवलं की दोन गाणी उडी मारतायत. “मामा, हे एन्कोडरचं काहीतरी आहे,” असं म्हणून रविवारी तो पुन्हा सोल्डरिंग गन घेऊन बसणार आहे. मी त्याला काकांच्या दुकानाचा पत्ता दिलाय.